सात बोड्यांची वकील

तुमसरच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. आधी खडखड वाजणारं मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे, पण बोटं तीच आणि स्वभावही तोच. स्पेलिंगची चूक दिसली की माझं डोकं सणकतं. वकील कितीही मोठा असो, त्याच्या ड्राफ्टमधली चूक मी त्याच्या तोंडावर दाखवतो. त्यामुळे दोन-तीन वकील माझ्याकडे फिरकत नाहीत. न फिरकोत!

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातली सगळ्यात मोठी चूक माझ्याच हातची आहे. गोष्ट मात्र माझी नाही. ती ॲडव्होकेट हर्षा मंगरू गोंडाणे हिची आहे, आणि ती सांगताना माझी छाती चार बोटं फुगते हे मी लपवणार नाही.

हर्षा पहिल्यांदा दुकानात आली ती सहा वर्षांपूर्वी. नवा काळा कोट, तोही दोन मापं मोठा. बापानं पुढच्या वाढीचा हिशेब करून घेतला असावा. एका जामीन अर्जाची प्रत तिनं हातात घेतली, उभ्या उभ्या वाचली आणि हळूच म्हणाली, "काका, इथं एक अक्षर चुकलं जी."

मी चष्मा पुसला. पाहिलं. खरंच चुकलं होतं. पंचवीस वर्षांत माझी चूक कोणी दाखवली नव्हती, आणि ही कालची पोरगी! दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःहून चहा सांगितला. तेव्हापासून तिचे सगळे कागद माझ्याकडेच टाईप होतात, आणि तिला मी 'वकीलबाई' म्हणतो. आधी चिडवायला म्हणत होतो, नंतर तोच मान झाला.

तिचं गाव जामखारी, आंबागडाच्या किल्ल्याखाली, जंगलाला लागून. म्हणजे होतं. आमच्या जिल्ह्यात धरण म्हटलं की लोकांना गोसीखुर्दच आठवतं, पण लहान लहान प्रकल्पही गावं घेऊन बसले आहेत. जामखारीच्या नाल्यावर असाच एक बांध झाला आणि हर्षा चौदा वर्षांची असताना गाव पाण्याखाली गेलं. लोकांना तुमसरकडच्या माळावर सिमेंटच्या घरांत आणून बसवलं. नावही तेच दिलं, नवी जामखारी. तिचा बाप मंगरू तिथून रोज सायकलीनं राईस मिलमध्ये पोती उचलायला जायला लागला. पूर्वी तो आपल्या दोन एकरांत धान पिकवत होता.

आता बोडी म्हणजे काय ते सांगावं लागेल, कारण सगळी गोष्ट त्याच एका शब्दावर फिरते. आमच्या झाडीपट्टीत धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, वरच्या अंगाला शेतकरी लहानसं तळं खोदतो, ती बोडी. पावसाचं वाहतं पाणी तिच्यात अडतं. धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, वेळी पाऊस रुसला तर बोडी फोडून एक पाणी द्यायचं, आणि त्या एका पाण्यावर घरचं वर्षभराचं खाणं उभं राहतं. शिवाय मासे, शिवाय म्हशींची आंघोळ, शिवाय पोरांचं पोहणं. आणि बोडीला नाव असतं. जिनं खोदली, ज्यानं खोदली, किंवा ज्याच्यासाठी खोदली, त्याचं नाव. जामखारीत सात बोड्या होत्या. सगळ्यात जुनी गिरजाबाई, सव्वाशे वर्षांची. सगळ्यात धाकटी रिता. ती मंगरूनं खोदली होती, मोठी लेक जन्मली त्या वर्षी, तिच्या नावानं.

हर्षाच्या नावाची बोडी नव्हती. ती जन्मली तेव्हा धरणाची बोलणी सुरू झाली होती, आणि उद्या बुडणाऱ्या शेतात कोण खोदकाम करतो? पण लहान पोरीला हे काय कळणार! रिताशी भांडण झालं की हिचं एकच रडगाणं, "तुयी बोडी आहे, मायी कायले नाई?" तिची आई विमलाबाई मला हे हसत हसत सांगते. मंगरू मात्र तेव्हा हसत नाही.

हर्षा भंडाऱ्याला कॉलेज शिकली, नागपूरला वकिली शिकली आणि परत तुमसरला आली. नागपुरात राहिली असती तर चार पैसे जास्त दिसले असते, हे मीही तिला ऐकवलं. ती म्हणाली, "तिथं वकील लय आहेत काका, जामखारीवाले नाही आहेत." इथल्या बाररूममध्ये तिला पहिली दोन वर्षं 'पुनर्वसनवाली' म्हणत. तिनं ते नाव अंगाला लावून घेतलं नाही. पेशीला वेळेवर उभी राहायची, कागद पाठ असायचे, पक्षकाराला खोटी आशा द्यायची नाही. हळूहळू आजूबाजूच्या गावांतले उठवलेले लोक आपापली बोचकी उघडून तिच्यासमोर कागद मांडायला लागले.

मागच्या जानेवारीत ती दुकानात आली आणि म्हणाली, "काका, एक फेलोशिप निघाली आहे. मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याची. जगभरातून बारा वकील घेतात. भेटली तर वर्षभर जिनिव्हाले राहाचं."

"अन् तिथं कोणाची केस चालवशील?" मी विचारलं. "तुमसरचे पक्षकार काय इमानात बसून येऊन राहिले?"

"केस नाही जी. देशादेशांनी मिळून करार केले आहेत. घर, पाणी, पोट भराचं साधन, हे माणसाचे हक्क आहेत असं लिहून दिलं. आपला देशबी त्यात १९७९ पासून आहे. मंग धरणासाठी, खाणीसाठी लोक उठवले, तर त्या कराराप्रमाणं त्यायले काय भेटलं पाहिजे, ते कोणापुढं मांडाचं, कसं मांडाचं, हे शिकाचं. अन् वापस येऊन इथं वापराचं."

"म्हणजे लयच वरचं अपील."

"तसंच समजा," ती हसली. पण तिचे डोळे हसत नव्हते. वयाची अट होती, हे तिचं शेवटचं वर्ष होतं. नाही मिळाली तर हे दार पुन्हा उघडणार नव्हतं.

अर्जासोबत एक निवेदन जोडायचं होतं. कोणत्या लोकांसाठी काम करता आणि का, ते दोन पानांत. हर्षानं नव्या जामखारीच्या विहारात बसून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत विचारत ते इंग्रजीत हातानं लिहून आणलं. ती स्वतः टाईप करणार होती. मीच हटून बसलो. परदेशात जाणारा कागद या धनंजयच्या हातूनच गेला पाहिजे, असा माझा तोरा. शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पाचला अर्जाची खिडकी बंद होणार होती. मी भराभर टाईप केलं. तिनं लिहिलं होतं की आमच्या सात बोड्या पाण्याखाली गेल्या आणि आजपर्यंत कोणी त्यांची मोजदाद केली नाही. 'बोडी'चं अनेकवचन तिनं इंग्रजी पद्धतीनं शेवटी 'एस' लावून केलेलं. कॉम्प्युटरनं त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली. आणि लाल रेघ दिसली की मला चैन पडत नाही. मशीननं सुचवलं ते मी डोळे झाकून घेतलं, तेही सगळीकडे एकदम. हर्षानं कागद वाचला, पण आपण लिहिलेलं माणूस डोळ्यांनी कुठे वाचतो, ते तर आठवणीनं वाचलं जातं. तिनं सही केली आणि पाचला पाच मिनिटं असताना अर्ज गेला.

मधे एक 'ई' घुसला होता, 'बोडीज'चं इंग्रजी 'बॉडीज' झालं होतं. सात बोड्यांची सात प्रेतं झाली होती!

मार्चमध्ये कळलं की ती मुलाखतीपर्यंत पोचली आहे. मुलाखत कॉम्प्युटरवरच होती, आपल्याकडची दुपारची दोनची वेळ. नव्या जामखारीत नेटवर्क धड नाही, म्हणून माझं दुकान ठरलं. मी शटर अर्धं ओढलं, दोन पक्षकारांना हाकललं, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. मंगरू आणि विमलाबाई धुतलेले कपडे घालून समोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. मी स्टूल घेऊन कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसलो, हातात निवेदनाची प्रत. तिला काही लागलं तर द्यायला.

पडद्यावर तिघं होते. मधे पिकल्या केसांच्या एक बाई, त्या प्रमुख. एका बाजूला केनियाचे एक तरुण वकील, दुसऱ्या बाजूला एक प्राध्यापक. अर्धा तास प्रश्न झाले, कायद्याचे, करारांचे. हर्षाचं इंग्रजी साधं, पण अडखळणं नाही. मी मनात म्हणत होतो, झालं, ही पोरगी गेली जिनिव्हाला.

मग त्या बाई चष्मा काढून म्हणाल्या, "तुमच्या निवेदनात त्या सातांविषयी वाचून आम्ही तिघंही अस्वस्थ झालो. कागदावर फक्त आकडा आहे. त्यांची नावं सांगाल?"

हर्षाचा चेहरा उजळला. बोड्यांची नावं आजवर कोणी विचारली होती? कोणत्याच कचेरीनं नाही. तिनं एकेक नाव सावकाश सांगितलं. गिरजाबाई. रुखमिणी. इश्वर. गुलाब. दादाजी. सत्यभामा. रिता. रिता सगळ्यात धाकटी, हेही सांगितलं. बाईंनी प्रत्येकाचं स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आपण क्षणभर शांत राहू या." आणि तिघांनी माना खाली घातल्या.

मला आधी वाटलं, काय लोक आहेत बाप्पा, बोडीसाठी मान खाली घालतात! आणि मग माझी नजर हातातल्या कागदावर गेली. तो शब्द दिसला. दुसऱ्या ओळीत दिसला, पाचव्या ओळीत दिसला, पुढच्या पानावरही दिसला. हर्षानं माझ्याकडे पाहिलं. मी कागद तिच्याकडे वळवून त्या शब्दावर बोट ठेवलं. तिला कळलं.

बाईंनी डोळे पुसून मान वर केली. "रिता सगळ्यात लहान होती ना? किती वर्षांची?"

आता खरं सांगतो. मी तिला हातानं खूण केली, गप्प राहा म्हणून. माझ्या मनात हिशेब पक्का होता. ती खोटं काहीच बोलली नव्हती. नावं विचारली, नावं सांगितली. आता नुसती मान खाली घातली असती तरी पुढचा प्रश्न आला असता आणि फेलोशिप पदरात पडली असती. खरं सांगितलं तर हे म्हणणार, ही बाई मेलेली माणसं दाखवून आमच्या दारात आली. सहा वर्षांची मेहनत आणि शेवटची संधी, दोन्ही एका अक्षरात जाणार होत्या.

हर्षानं माझा हात पाहिला. मग पडद्याकडे तोंड केलं.

"मॅडम, रिता माणूस नाही," ती म्हणाली. "मला माफ करा. ते सातही जण माणसं नाहीत. कागदात चूक झाली आहे."

हर्षानं कोरा कागद ओढला आणि पेनानं चित्र काढलं. वर उतार, मधे बोडी, खाली धानाच्या बांध्या. कागद कॅमेऱ्यासमोर धरून तिनं त्यांना समजावलं, पाणी कसं अडतं, बोडी कशी फोडतात, एक पाणी म्हणजे काय, नावं कशी पडतात. "रिता माझी मोठी बहीण. तिच्या जन्माच्या वर्षी बाबांनी बोडी खोदली. बहीण बालाघाटला आहे, दोन मुलं आहेत, ठणठणीत आहे."

केनियाच्या वकिलांनी तोंडावर हात धरून हसू दाबलं. बाई हसल्या नाहीत. "म्हणजे कोणीही मेलं नाही?"

"नाही. पाणी चढायच्या आधी सगळी माणसं बाहेर आली होती. मोजणीच्या कागदात आमची घरं आली, विहिरी आल्या, आंब्याची झाडंसुद्धा आली. बोड्या तेवढ्या आल्या नाहीत, त्या पडीत जमिनीत धरल्या. त्यांच्यासाठीच मला हा कायदा शिकायचा आहे. पण मेलेल्या माणसांच्या नावावर मला जागा नको."

"चूक झाली कशी?"

मी चार हातांवर बसलो होतो.

"मी सही करण्याआधी नीट वाचलं नाही," हर्षा म्हणाली. "चूक माझी."

बाई कोरडेपणानं म्हणाल्या की दुरुस्त निवेदन आणि खुलासा दोन दिवसांत पाठवा, समिती विचार करील. पडदा काळा झाला.

"मायं नाव काहून नाही घेतलं?" मी विचारलं.

"सही मायी होती जी."

"अन् मी खूण केली, ते?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नवलानं. "काका, तुमी मले एका वेलांटीची चूक कधी सोडू दिली नाही. मंग येवढी मोठी कायले सोडाले सांगता?"

मला लाज वाटली. एवढी लाज मला शाळेत मास्तरानं बाकावर उभं केलं तेव्हाही वाटली नव्हती. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की ही पोरगी निवडून येवो न येवो, हिच्याएवढा मोठा वकील या कोर्टानं पाहिला नाही.

त्या संध्याकाळी मला जे येतं ते मी केलं. ॲफिडेव्हिट केलं. मी, धनंजय, टंकलेखक, राहणार तुमसर, वय अठ्ठावन्न, शपथेवर लिहून देतो की सदर शब्दात 'ई' हे अक्षर माझ्या हातून पडलं, वकीलबाईंचा त्यात दोष नाही, सबब हे प्रतिज्ञापत्र. स्टॅम्प पेपरवर टाईप केलं, नोटरीचा शिक्का घेतला. नोटरीनं वाचून विचारलं, "हे कोणत्या कोर्टात दाखल कराचं आहे?" मी म्हणालो, "जिनिव्हा." तो माझ्याकडे बघतच राहिला.

हर्षा नको नको म्हणत होती, पण मी ते दुरुस्त निवेदनाला जोडायला लावलंच. निवेदन यावेळी मी एका बोटानं टाईप केलं म्हटलं तरी चालेल. बोड्यांची सातही नावं एकाखाली एक घातली, प्रत्येकीपुढे तिच्या पाण्यावर किती बांध्या भिजायच्या ते. सगळ्यात खाली, सहीसाठी, हर्षा मंगरू गोंडाणे. कॉम्प्युटरनं पुन्हा बोडीखाली लाल रेघ ओढली. मी म्हटलं, थांब बेट्या! तो शब्द मी मशीनच्या शब्दकोशात घालून टाकला. आता माझ्या दुकानात बोडी चुकीची ठरत नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे ती रोज कोर्टात आली, रोज पेश्या केल्या, आणि फेलोशिपचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. मंगरू मात्र मिलमधून येता-जाता दुकानासमोर सायकल थांबवायचा, आत बघायचा आणि मी मान हलवली की पुढे जायचा.

एप्रिलमध्ये पत्र आलं. बारांत एक, ॲडव्होकेट हर्षा गोंडाणे, तुमसर. दुरुस्त निवेदन समितीला पहिल्यापेक्षा मोलाचं वाटलं, वर्षभराचा अभ्यास बोड्यांवरच करावा, असं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती की टंकलेखकाचं प्रतिज्ञापत्र समितीनं विशेष आवडीनं वाचलं. ती ओळ मी बाररूममध्ये तीनदा वाचून दाखवली. जे तिला पुनर्वसनवाली म्हणत होते, त्यांनीच बुंदीचे लाडू आणले. मीही दोन खाल्ले, शुगर असताना.

जायच्या आधी, सप्टेंबरच्या एका रविवारी, नव्या जामखारीच्या विहारात सगळा गाव जमला. लोकांनी म्हटलं होतं, परदेशात आपल्याविषयी काय लिहून पाठवलं ते आम्हालाही वाचायचं आहे. म्हणून मी निवेदनाचं मराठी करून, मोठ्या अक्षरांत छापून नेलं होतं. ते भिंतीवर लावलं. बायका जवळ येऊन आपापल्या बोडीचं नाव शोधत होत्या. एका म्हातारीनं गुलाब बोडीच्या नावावरून पदर फिरवला.

मंगरू सगळ्यात शेवटी पुढे आला. चौथी शिकलेला माणूस, अक्षर अक्षर लावून वाचतो. पोती उचलून जाड झालेलं बोट त्यानं पहिल्या नावावर ठेवलं आणि मोठ्यानं मोजत खाली आला. गिरजाबाई, एक. रुखमिणी, दोन. इश्वर, तीन. गुलाब, चार. दादाजी, पाच. सत्यभामा, सहा. रिता, सात. मग बोट आणखी खाली सरकलं, जिथं सहीच्या जागी लेकीचं नाव छापलं होतं, तिथं थांबलं.

"हर्षा," तो म्हणाला. "आठ."

हर्षा मागेच उभी होती. तिनं ओठ घट्ट मिटले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विमलाबाई म्हणाली, "भेटली बाई, तुयी बोडी."

माझ्या तोंडाशी आलं होतं की ते यादीतलं नाव नाही, ती सहीची जागा आहे. चूक दिसली की मला राहवत नाही, हे साऱ्या तुमसरला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी गप्प बसलो.